जाड नळी, बारीक नळी आणि ताईची एफडी

मागच्या वेळी कुकरच्या शिट्टीवर लिहिलं होतं. या वेळी मिक्सरच्या मोटारीवर लिहायचं असं मी ठरवून टाकलं होतं, पण मध्येच घरात रायफल शिरली. म्हणजे रायफलीवरून वाद शिरला. बेळगावच्या वाचकांना मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमुळे आणि आम्हा इंदूरकरांना महूमुळे बंदुकीचा आवाज तसा परका नाही, पण माझ्या आजवरच्या लेखांत ती कधी आली नव्हती.

ताईचा धाकटा मुलगा, म्हणजे माझा भाचा, शाळेत एनसीसीत होता. तिथे पॉइंट टू-टूची गोडी लागली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हा हा रात्रभर तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत होता. आता तो तीनशे मीटरचा सराव करतो. एका ज्येष्ठ नेमबाजाकडून जुनी थ्री-नॉट-एट रायफल मिळाली. परवान्याच्या कागदपत्रांची कथा मोठी आहे, ती सोडून देतो.

तर या रायफलीची तक्रार अशी, की पहिले सात-आठ शॉट छान एका जागी पडतात आणि मग हळूहळू वर आणि उजवीकडे सरकायला लागतात. पंधराव्या शॉटपर्यंत नऊच्या वर्तुळाबाहेर. राज्य पातळीची निवड तोंडावर आलेली. त्याने स्वतःच निदान केलं: नळी बारीक आहे, तापते, म्हणून गोळी भरकटते. उपाय, परदेशातून जाड नळी मागवायची, तीही बाहेरून लांब खाचा पाडलेली, ज्याला हे लोक फ्लूटेड बॅरल म्हणतात. खाचांमुळे लवकर थंड होते असं जाहिरातीत लिहिलेलं. किंमत ऐकून भाऊजी गप्प झाले, आणि ताई म्हणाली, ‘माझी एफडी आहे ना, मोडू.’

भाऊजींनी मला फोन केला. ‘तुम्ही तीस वर्षं पोरांना हीट ट्रान्सफर शिकवलीत. हे खाचांचं खरं आहे का, एवढंच सांगा.’

मी जेवायला बसलो होतो. घास हातात ठेवून म्हणालो, ‘अहो खरंच आहे. मोटारसायकलच्या इंजिनाला पात्या असतात ना बाहेरून, तसंच. पृष्ठभाग वाढला की उष्णता लवकर जाते.’

ताईने दुसऱ्याच दिवशी बँकेत चौकशी केली. ते कळलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी आकडा न मांडता उत्तर दिलंय. हेच वर्गात कुणी केलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं. संध्याकाळी वही घेऊन बसलो.

आधी प्रश्न हा, की एका गोळीमागे नळीला किती उष्णता मिळते. थ्री-नॉट-एटच्या काडतुसात साधारण पावणेतीन ते तीन ग्रॅम दारू असते. ती जळून सुमारे ११ किलोज्यूल ऊर्जा निघते. गोळी त्यातली ३ ते साडेतीन किलोज्यूल घेऊन जाते, म्हणजे जेमतेम तिसरा हिस्सा. मोठा भाग गरम वायूबरोबर नळीच्या तोंडातून बाहेर पडतो. तो धडाका आणि ती झळ तीच. उरलेली ऊर्जा, ढोबळमानाने २ ते अडीच किलोज्यूल, नळीच्या पोलादात मुरते. मी २.२ धरले.

२.२ किलोज्यूल म्हणजे किती? वीस गोळ्या झाडल्या तर ४४ किलोज्यूल. तेवढ्यात एक कप चहाचं पाणी उकळीला येतं. म्हणजे तो पोरगा दर वीस शॉटला एका कपाचं आधण नळीत ओततोय.

माझा २.२ चा आकडा बरोबर आहे की नाही, हे तपासायला मला शंभर वर्षांपूर्वीची एक मशीनगन सापडली. ब्रिटिशांची व्हिकर्स. तिच्या नळीभोवती पाण्याचा पत्र्याचा पिंप असे, त्यात साधारण ४ लिटर पाणी मावे. त्या काळच्या तोफखान्याच्या आणि पायदळाच्या लोकांचा अनुभव असा, की सलग ६०० च्या आसपास गोळ्या झाडल्या की पाणी उकळायला लागतं. आता हिशेब करा. ४ लिटर पाणी २० अंशांवरून १०० वर न्यायला सुमारे १३४० किलोज्यूल लागतात. भागिले ६००, आले २.२ च्या जरा वर. मी वहीवर दोनदा रेघ मारली. काडतूस थोडं वेगळं, पण जातकुळी तीच. वर्गात हा दाखला मला कधी सुचला नाही याचं वाईट वाटलं.

आता नळीकडे. शिकारीच्या हलक्या रायफलीची नळी सव्वा किलोच्या आसपास भरते. स्पर्धेची जाड नळी पावणेतीन किलोपर्यंत. पोलादाचा एक किलो एका अंशाने तापवायला अर्धा किलोज्यूल पुरतो. म्हणजे हलकी नळी दर गोळीला पावणेचार अंश चढते आणि जाड नळी पावणेदोन अंश. वीस गोळ्या भराभर झाडल्या तर हलकी ७५ अंशांनी वर, जाड ३५ अंशांनी वर. मे महिन्यात रेंजवर सावलीत ४० असेल तर हलकी नळी ११५ वर गेली. हात लावून बघू नका.

इथपर्यंत भाच्याचं बरोबर. जाड नळी उशिरा तापते. आईच्या वेळचा लोखंडी तवा आणि हल्लीचा पातळ नॉनस्टिक तवा यांतला फरक.

पण त्याचा आणि माझा, दोघांचा घोटाळा पुढे होता. आम्ही दोघंही ‘उशिरा तापते’ आणि ‘लवकर निवते’ या एकाच गोष्टी समजत होतो. त्या उलट आहेत. नळीची जाडी दुप्पट केली तर तिचा बाहेरचा पृष्ठभाग दुप्पट होतो, पण वजन जवळपास चौपट. उष्णता साठवायची कोठी चौपट, बाहेर जायची दारं दुप्पट. त्यामुळे जाड नळी एकदा तापली की निवायला जास्त वेळ घेते. मी १८ आणि २७ मिलिमीटरच्या दोन साध्या गोल नळ्या धरून, वारा नाही असं समजून आकडे मांडले. बारीक नळीची चढलेली उष्णता निम्मी व्हायला साधारण पाव तास लागला, जाड नळीला पंचवीस मिनिटं. लोखंडी तवाही गॅस बंद केल्यावर कितीतरी वेळ चटका देतो, हे आपल्या घरातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे.

म्हणजे जाड नळी वाईट का? नाही. स्पर्धेत मिनिटाला एक याप्रमाणे तासभर साठ गोळ्या झाडल्या असं धरा. तासाअखेर जाड नळी हवेपेक्षा ५० अंश वर असेल, बारीक ८० च्या वर. जाड नळीच बरी. फक्त ती बरी असण्याचं कारण ‘थंडावा’ नाही. कारण साठवण आणि थोडा मोठा पृष्ठभाग. आणि आणखी एक, जे नेमबाजांना खरं हवं असतं: ताठपणा. गोल दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. व्यास दीडपट केला की ताठपणा पाचपट. अशी नळी कमी थरथरते, कमी वाकते.

कुसाळेसारख्या ५० मीटरवाल्यांच्या नळ्या बघा, केवढ्या जाड असतात. पण पॉइंट टू-टूच्या काडतुसात दारू असते ग्रॅमच्या दहाव्या भागाएवढी. ती नळी काय तापणार? तिथे जाडी आहे ती वजनासाठी आणि स्थिरपणासाठी. दहा मीटर एअर रायफलमध्ये तर दारूच नाही, तिथली हवा नळीला उलट गार करते. आकार एकच, कारणं निराळी. भाच्याने टू-टूवरची समज जशीच्या तशी मोठ्या बोअरवर आणली होती, आणि मी मोटारसायकलवरची.

आता माझ्या मोटारसायकलबद्दल. इंजिनाच्या पात्या काम करतात, कारण गाडी चालते आणि वारा त्या पात्यांमधून जोरात जातो. गाडी सिग्नलला पाच मिनिटं चालू ठेवून उभी केली तर त्याच पात्या असून इंजिन तापतं. रायफल तर बायपॉडवर किंवा खांद्याला स्थिर असते. तिच्याभोवती फिरते ती फक्त स्वतःच्या उष्णतेने हळूहळू वर चढणारी हवा. अशा वेळी पोलादाला चिकटून काही मिलिमीटर जाडीचा सुस्त हवेचा थर बसतो. फ्लूटिंगच्या खाचा असतात चार-पाच मिलिमीटर रुंद. त्या खाचेत तो थरच भरून राहतो. शिवाय खाचेची एक भिंत दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून उभी, म्हणजे किरणोत्सर्गाने जाणारी उष्णता समोरच्या भिंतीलाच मिळते. पृष्ठभाग वाढला, पण वाढलेला भाग आळशी.

तरीही उदार मनाने सगळा वाढीव पृष्ठभाग कामाचा धरला, वर खाचांनी कमी झालेलं वजनही धरलं, तर माझ्या पंचवीस मिनिटांची अठरा-एकोणीस झाली. प्रत्यक्षात त्याहून कमी फरक पडणार. आणि वजन कमी झालं म्हणजे तीच नळी दर गोळीला थोडी जास्त तापणार. इथे जाहिरातीची गंमत लक्षात घ्या. ‘खाचांची नळी साध्या नळीपेक्षा ताठ आणि गार’ हे वाक्य दोन्ही नळ्यांचं वजन सारखं असेल तेव्हा खरं आहे. दोघींचा व्यास सारखा असेल तर साधी नळीच जास्त ताठ आणि जास्त उशिरा तापणारी. कशाची कशाशी तुलना, हे जाहिरातीत लहान अक्षरातही नव्हतं. डोंगरात रायफल खांद्यावर घेऊन फिरणाऱ्याला खाचा उपयोगी, वजन वाचतं. तीनशे मीटरच्या रेंजवर चटई टाकून आडवं पडणाऱ्याला त्याचं काय?

हे शस्त्रं बनवणाऱ्यांना आधीपासून कळलेलं होतं की त्यांनीही ठेचा खाल्ल्या? दोन्ही. फ्रेंचांची हॉचकिस मशीनगन, पहिल्या महायुद्धातली, तिच्या नळीला मागच्या बाजूला पाच मोठ्या जाड कड्या असत, माळेतल्या मण्यांसारख्या. पाणी नाही, तर पृष्ठभाग आणि धातू दोन्ही वाढवा, आणि जिथे नळी सगळ्यात जास्त तापते तिथेच वाढवा. विचार सरळ आहे. अमेरिकेच्या लुईस नावाच्या अधिकाऱ्याने जी मशीनगन केली तिच्यात नळीवर ॲल्युमिनियमच्या उभ्या पात्या आणि त्यावर एक जाड नळकांडं होतं. पुढच्या तोंडातून सुटणाऱ्या वायूच्या झोताने मागून हवा ओढली जावी आणि ती पात्यांमधून जावी अशी रचना. म्हणजे त्याला कळलं होतं की नुसत्या पात्या पुरत नाहीत, वारा लागतो. आणि तीच लुईस गन विमानावर बसवली तेव्हा ते नळकांडं काढूनच टाकलं. विमानाचा वारा होताच, शिवाय वजन वाचलं.

दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडच्या मराठा पलटणींनीही वापरलेली ब्रेन गन घ्या. ती मूळ चेक बंदुकीवरून आली, झेडबी-२६. त्या चेक बंदुकीच्या नळीवर बारीक कंगोऱ्यांच्या पात्या होत्या. ब्रेनची नळी गुळगुळीत. त्याऐवजी नळी चटकन काढून दुसरी लावायची सोय, आणि बरोबर सुटी नळी. अमेरिकेच्या थॉम्पसन सबमशीनगनचंही तसंच. आधीच्या मॉडेलवर नळीला देखण्या पात्या, युद्धात झटपट आणि स्वस्त बनवायची वेळ आली तेव्हा एम-१ मॉडेलवर त्या गेल्या, आणि कुणाचं काही अडलं नाही. मला वाटतं, त्या पात्यांचा बराचसा उपयोग बंदूक रुबाबदार दिसण्यासाठीच होत असावा. हे माझं मत.

चुकीच्या जागी जाडी देण्याचंही उदाहरण आहे. अमेरिकन सैन्याची एम-१६ ए-२ रायफल १९८० च्या दशकात आली. तिची नळी आधीपेक्षा जाड केली, पण पुढच्या उघड्या भागात. हॅन्डगार्डखालचा मागचा भाग बारीकच राहिला. पुढचं टोक ताठ झालं खरं, पण जो भाग सगळ्यात तापतो तिथे धातू वाढला नाही. नंतर एम-४ ए-१ कार्बाइनच्या जड नळीत मात्र हॅन्डगार्डखालीच जाडी वाढवली, कारण सलग फायरिंगमध्ये नळी तिथे मऊ पडायची भीती.

हे सगळं लिहून झाल्यावर रात्री साडेअकराला माझ्या लक्षात आलं, की खरा प्रश्न अजून बाकीच आहे. झीज. भाचा म्हणाला होता, ‘गार राहील तर नळी जास्त टिकेल, मामा. एफडीचे पैसे वसूल.’

रायफलची नळी सगळीकडे सारखी झिजत नाही. काडतूस बसतं त्या चेंबरच्या लगेच पुढे, जिथे पिळाचे चर सुरू होतात, तो दोन-चार इंचांचा भाग म्हणजे नळीचा घसा. हे लोक थ्रोट म्हणतात. जळत्या दारूच्या वायूचं तापमान अडीच हजार अंशांच्या आसपास जातं. पोलाद पंधराशेच्या आतबाहेर वितळतं. मग नळी वितळत का नाही? कारण गोळी एक ते दीड हजारांश सेकंदात नळीतून निघून जाते. तेवढ्या वेळात उष्णता पोलादात मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकीच खोल शिरते. म्हणजे आतला एक कागदाएवढा पापुद्रा क्षणभर हजार अंशांच्या वर जातो आणि लगेच मागच्या गार पोलादामुळे निवतो. फुगायचं, आकसायचं, पुन्हा फुगायचं. वायूतला कार्बन त्या पापुद्र्यात मुरतो आणि त्याला ठिसूळ करतो. मग बारीक तडे पडतात, आणि पुढच्या गोळीमागचा वायू त्या तड्यांचे कोपरे खरवडून नेतो.

आता बाहेरच्या खाचांचा विचार करा. आतला पापुद्रा तापल्याची बातमी सेंटीमीटरभर पलीकडच्या बाहेरच्या पृष्ठभागाला पोचायला काही सेकंद लागतात. गोळी तीनशे मीटरवरच्या कागदात शिरायला अर्धा सेकंदसुद्धा लागत नाही. म्हणजे जेव्हा घसा सोसत असतो, तेव्हा नळी बाहेरून गोल आहे, खाचांची आहे की कड्यांची, याचा त्याला पत्ताच नसतो. शिवाय घशाभोवती सगळ्याच नळ्या जाड असतात, दाबासाठी असाव्याच लागतात. बारीक आणि जाड नळीतला फरक मुख्यतः पुढे दिसतो, झीज होते मागे.

बाहेरच्या आकाराचा संबंध एवढाच, की पुढची गोळी सुटते तेव्हा नळी मुळात किती तापलेली आहे. ४० अंशांच्या नळीत पापुद्रा जिथवर चढतो, १४० अंशांच्या नळीत त्याहून जवळपास शंभर अंश वर चढतो, आणि मऊ पोलाद लवकर खरवडलं जातं. म्हणून भराभर गोळीबार घशाला मारतो. मशीनगनवाल्यांनी घशाचा बंदोबस्त आतूनच केला: नळीच्या आत क्रोमचा मुलामा, किंवा एम-६० सारख्या बंदुकीत घशाच्या भागात स्टेलाइट नावाच्या कोबाल्टच्या मिश्रधातूचं अस्तर. स्पर्धेच्या नळीत असा मुलामा सहसा देत नाहीत, तो सगळीकडे एकसारख्या जाडीचा बसवणं कठीण, आणि नेमबाजाला केसाएवढा फरकही चालत नाही. मग त्याच्या हातात राहतं ते दोन गोष्टींचं प्रमाण, किती दारू आणि केवढं भोक. थ्री-नॉट-एटची नळी साधारण पाच हजार गोळ्यांपर्यंत स्पर्धेची अचूकता देते. तेवढीच दारू बारीक भोकातून रेटणाऱ्या काही सहा मिलिमीटरच्या काडतुसांची नळी दीड हजारातच दमते. टू-टूची नळी हजारो-हजारो गोळ्या खाऊन तशीच.

सकाळी मी ताईला फोन केला. ‘एफडीला हात लावू नकोस.’ ती म्हणाली, ‘कालच तर तू हो म्हणालास.’ म्हटलं, ‘काल चुकलो.’ पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाली, ‘हे तूच सांग त्याला. मला नाही सांगवणार.’

रविवारी भाच्याबरोबर रेंजवर गेलो. गाडीत तो एक शब्द बोलला नाही. त्याच्या जागी मीही बोललो नसतो. त्याच्या निवडीला तीन आठवडे उरले होते आणि मामा वहीतले आकडे घेऊन आला होता.

मी त्याला एवढंच विचारलं, ‘तापली म्हणून नळी वाकते म्हणतोस, तर कायम उजवीकडेच का वाकते? सगळीकडून सारखी तापली तर सरळ लांबायला हवी.’ गरम होऊन एकाच दिशेला सरकणारी नळी दोन गोष्टी सांगते. एक तर पोलादात बनवतानाचा ताण अडकून राहिलाय, किंवा ती कुठेतरी एका बाजूने टेकतेय. जुन्या रायफलींना लाकडी दस्ता असतो. तिथल्या एका वयस्कर प्रशिक्षकांनी खिशातून दहाची नोट काढली, नळी आणि दस्ता यांच्यामधल्या फटीत सरकवली आणि मागे नेऊ लागले. नोट मोकळी सरकायला हवी. डाव्या बाजूला, हॅन्डगार्डच्या मध्यावर, ती अडकली. पावसाळ्यात लाकूड फुगलं होतं. नळी तापून जराशी फुगली की त्या जागेला टेकायची आणि ते लाकूड तिला उजवीकडे वर ढकलायचं. प्रशिक्षकांनी दोन तास पॉलिशपेपरने ती जागा घासली, मग तेल चोळलं. खर्च, पेपरचे तीस रुपये आणि चहा. चहा त्यांनी मला पाजला, हे सांगायला हवं.

दुपारी पुन्हा वीस गोळ्या. ग्रुप एकाच जागी राहिला. शेवटच्या पाच-सहा जरा पसरल्या, त्याचंही कारण नळीच्या वाकण्यात नव्हतं. तापलेल्या नळीवरून उठणारी हवा दुर्बिणीसमोर लवलवते, जशी उन्हात डांबरी रस्त्यावर लवलवते, आणि लक्ष्य नाचतं. त्यासाठी नळीवर वरून ताणून बांधायची कापडी पट्टी मिळते. त्याच्या बॅगेतच होती, रायफलीबरोबर आलेली. त्याला वाटलं होतं ती झाकणाची असेल.

भाचा हसला, आठवड्यात पहिल्यांदा. पण गोष्ट इतकी गोड संपली नाही. प्रशिक्षकांकडे एक बारीक कॅमेरा होता, नळीत घालून आतलं बघायचा. मोबाइलवर घशाचं चित्र आलं. दुष्काळात तळ्याचा तळ तडकतो ना, तशी जाळी. आधीच्या मालकाने किती झाडल्या होत्या कोण जाणे, आणि यानेही गेल्या वर्षभरात सरावाच्या नादात तीस-तीस गोळ्या सलग, मध्ये थांबायचं नाव नाही. प्रशिक्षक म्हणाले, ‘अजून चालेल. वर्ष, दीड वर्ष. मग बदलावी लागेल.’

म्हणजे नवी नळी लागणारच आहे. फक्त आज नाही, आणि खाचांची नाही. साधी जाड, स्टेनलेसची, वजन चालेल तितकी जड. त्याने परतीच्या वाटेवर तीच किंमत फोनवर शोधली. खाचांच्या नळीपेक्षा बरीच कमी निघाली. मला न विचारता त्याने आईला मेसेज केला.

परवा घरी आला तेव्हा त्याच्याकडे एक छोटी वही दिसली. पानावर तारीख, किती गोळ्या, दोन मालिकांमध्ये किती मिनिटं विश्रांती. दहा झाल्या की वीस मिनिटं बोल्ट उघडा ठेवून थांबायचं, असं त्याचं स्वतःचं ठरलंय. मी पंधरा म्हटलं होतं. त्या वीस मिनिटांत तो काय करतो, तर ड्राय फायरिंग आणि श्वासाचा सराव, जो तो पूर्वी कंटाळा म्हणून टाळायचा.

निवड पुढच्या शनिवारी आहे. ताईने एफडीची पावती पुन्हा कपाटात ठेवली, पण किल्ली अजून पर्समध्येच आहे, असं भाऊजी म्हणाले. मिक्सरच्या मोटारीचं पुढच्या वेळी.